कुंडीतील एल्मला खत : किती, केव्हा व कोणते?

कृषी विभागाच्या पत्रिकेत कुंडीतील शोभेच्या झाडाविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्याला ज्वारीच्या वरखताची विवंचना आहे त्याला ताटलीएवढ्या कुंडीतील वीतभर झाडाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर मोठ्या शहरांच्या आसपास राहणाऱ्या अनेक शेतकरी कुटुंबांनी रोपवाटिका हाच आपला व्यवसाय केलेला आहे. पुणे-सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या परिसरात गेल्यास ही गोष्ट सहज नजरेस येते. अशा रोपवाटिकांतून फळझाडांच्या कलमांबरोबर वामनवृक्ष, म्हणजे ज्यांना बोन्साय म्हणतात ते, विक्रीस ठेवलेले आढळतात आणि त्यांत चिनी एल्म हा एक पसंतीचा वृक्ष आहे. दुसरे असे की, कुंडीतील एल्म ज्या कारणाने जळतो, नेमक्या त्याच कारणाने पिशवीतील आंब्याचे कलम व डाळिंबाचे रोपही जळते. एल्मचा खोडबुंधा जाड होऊन त्याला आकार येण्यास अनेक वर्षे लागतात. चमचाभर खत चुकीच्या वेळी पडल्यास ते झाड आठ दिवसांत वाळून जाते. अशा वेळी नुकसान केवळ एका झाडाचे होत नाही. त्या झाडामागे खर्ची पडलेली वर्षे व मजुरी बुडते आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो.

कुंडीतील झाडाविषयी आपल्याला नेहमी विचारण्यात येणारा प्रश्न असतो, "खत कोणते घालू?" माझ्या मते हा प्रश्न पहिला नव्हेच. खत किती मातीला द्यावयाचे, झाड या वेळी वाढत आहे की विसावले आहे, आणि त्याच्याकडून आपल्याला काय हवे आहे, हे तीन प्रश्न आधी यावयास हवेत. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे खताचे नाव ठरविणे फारसे अवघड राहत नाही. ही उत्तरे न घेता सुचविलेले उत्तम खतही झाडास अपायकारक ठरते.

एल्म व आपला वावळ

चिनी एल्म हा मूळचा चीन, जपान व कोरिया या देशांतील वृक्ष होय. झाडे पसरट भांड्यात वाढविण्याची कला चीनमधून जपानात गेली व तेथे तिला आजचे रूप आले. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे पसरट भांडे आणि 'साय' म्हणजे लागवड. एल्मचे पान लहान, डहाळ्या नाजूक आणि छाटणीनंतर नवी फूट येण्याची शक्ती मोठी, यामुळे तो या कामी सोयीचा ठरला. आपल्या रानांत व रस्त्यांच्या कडेला वाढणारा वावळ हा याच कुळातील वृक्ष आहे. त्याची चपटी, गोलसर, पंखधारी फळे उन्हाळ्यात वाऱ्यावर उडताना आपण पाहतो. वावळाचे पान मोठे असल्याने लहान कुंडीत तो तितकासा शोभत नाही. परंतु दोन्ही वृक्षांचा नातेसंबंध ध्यानात घेतला म्हणजे एल्म हे काही काचेच्या कपाटात ठेवावयाचे परके खेळणे नसून ऊन, वारा व ऋतू यांप्रमाणे वागणारा खराखुरा वृक्ष आहे, हे पटते.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अगत्याचे आहे. झाडाला उपाशी ठेवून खुजे केले जाते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः वामनवृक्ष लहान राहतो तो शेंड्यांच्या व मुळांच्या नियमित छाटणीमुळे. छाटणीनंतर नवी फूट येण्यासाठी त्याला अन्न लागतेच. उपाशी झाडाची पाने फिकट पडतात, आतल्या डहाळ्या वाळतात व ते किडीला लवकर बळी पडते. यास्तव लहानपण कात्रीने राखावे आणि जीव खताने राखावा, असे म्हणणे अधिक योग्य होईल. मात्र हे खत किती, येथेच खरी मेख आहे.

हेक्टरचा हिशेब व कुंडीचा हिशेब

शेतातील एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो धरण्यात येते. समजा, एखाद्या पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र दिले. मग एक किलो मातीच्या वाट्याला सुमारे ४५ मिलिग्रॅम नत्र आले. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा हे ४५ मिलिग्रॅम नत्र सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या भागाइतक्या युरियातून मिळते. दाणे मोजून द्यावे इतकी ही मात्रा अल्प आहे.

आता एक किलो माती असलेल्या कुंडीत कोणी चहाचा सपाट चमचाभर युरिया टाकला, असे धरू. त्याचे वजन सुमारे ४ ग्रॅम भरेल. ही मात्रा वरील मात्रेच्या ४० पट झाली. शेताच्या भाषेत सांगावयाचे तर ४५ किलोची सुमारे ८० पोती एका एकरात ओतावी, तसा हा प्रकार आहे. कोणताही शहाणा शेतकरी शेतात असे करणार नाही. कुंडीत मात्र सहज घडते, कारण हाताला चमचा लहान वाटतो व कुंडीतील माती त्याहूनही किती लहान आहे याचा विसर पडतो.

एवढ्या खताने मुळांचे काय होते, हे समजण्यास लोणच्याचे उदाहरण पुरेसे आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले म्हणजे त्यांना पाणी सुटते. बाहेर क्षार अधिक व आत कमी असल्याने फोडीतील पाणी बाहेर ओढले जाते. खतेही क्षारच आहेत. मातीतील ओलाव्यात ती प्रमाणाबाहेर विरघळली म्हणजे मुळांना पाणी घेता येत नाही, उलट मुळांतील पाणी बाहेर येऊ लागते. युरियाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. त्याचे मातीत अमोनियात रूपांतर होते आणि कोंदट जागी अमोनिया साठल्यास कोवळी मुळे मरतात. मग माती ओली असूनही झाड कोमेजते, पानांच्या कडा करपतात. धनी समजतो की पाणी कमी पडले, आणि तो पाणी किंवा आणखी खत घालतो. अशा रीतीने अपाय वाढत जातो.

कुंडीची दुसरी अडचण नेमकी उलट आहे. वामनवृक्षाच्या कुंडीत पाण्याचा निचरा व्हावा म्हणून विटेचे तुकडे, जाड वाळू यांचे भरड मिश्रण वापरतात. काळ्या मातीचे कण जसे अमोनिया व पालाश धरून ठेवतात तसे हे मिश्रण धरून ठेवू शकत नाही. त्यात पाणी रोज दिले जाते व नत्र प्रत्येक पाण्याबरोबर भोकातून निघून जाते. सारांश, एका वेळी अधिक खत मानवत नाही व एकदा दिलेले फार दिवस टिकत नाही. म्हणून थोडे आणि वारंवार, हा कुंडीतील खताचा मूळ नियम होय.

पेंड की रासायनिक खत?

या विषयावर दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, सेंद्रिय खताखेरीज काही घालू नये. दुसरा म्हणतो, पाण्यात विरघळणारे रासायनिक खतच शास्त्रीय होय. मला दोन्ही आग्रह अनाठायी वाटतात. मूळ ज्या रूपात नत्र घेते ते रूप पेंडीतून आले काय किंवा पुडीतून आले काय, सारखेच असते. फरक आहे तो वेगात व सुरक्षिततेत.

जपानातील जुने माळी मोहरीवर्गीय तेलबियांच्या पेंडीच्या गोळ्या करून कुंडीतील मातीवर ठेवीत आले आहेत. पाणी दिले की थोडा अंश विरघळून खाली उतरतो. यात शहाणपण आहे. आपल्याकडे भुईमुगाच्या पेंडीत सुमारे ७ टक्के आणि निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असते व ते सावकाश मोकळे होते. हातून थोडे कमीअधिक झाले तरी झाड तत्काळ जळत नाही. म्हणून नवशिक्या रोपवाटिकाधारकाने पेंडीपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. नुसत्या भुईमुगाच्या पेंडीला मुंग्या, उंदीर व माश्या लागतात. तीत निम्मी निंबोळी पेंड मिसळल्यास हा उपद्रव कमी होतो.

पेंडीचे न्यून असे की, ती जंतूंकरवी कुजल्याखेरीज झाडाला मिळत नाही. थंडीत हे काम मंदावते. शिवाय शेकडो झाडे असतील तेथे गोळ्या ठेवीत बसणे परवडत नाही. तेथे पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ सारखे खत सोयीचे पडते. त्यातील नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण सारखे आहे. कुंडीतील वृक्षांना नत्राच्या मानाने स्फुरद फारच कमी, ढोबळमानाने ३:१:२ या प्रमाणात, लागते. म्हणून सतत १९:१९:१९ न देता मधून मधून १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट द्यावे. म्हणजे स्फुरद साचत नाही. 'मुळांसाठी स्फुरद' हे वाक्य आपल्या तोंडी इतके बसले आहे की, हाडांचा चुरा व डीएपी कुंडीत मुठीने घातले जातात. स्फुरदाचा अतिरेक झाल्यास झाडाला लोह व जस्त मिळेनासे होते, आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या उपयुक्त बुरशीचीही वाढ खुंटते.

आवरण असलेली मंदगती खतेही आता मिळतात. ती चांगली आहेत. परंतु त्यांच्या वेष्टनावरील महिन्यांचा कालावधी बहुधा २१ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान धरून दिलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात ती पुष्कळ लवकर मोकळी होतात. तेव्हा वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानेच आरंभ करणे श्रेयस्कर.

मात्रा व वेळ

वाढीच्या काळात, सुमारे २ किलो मिश्रण असलेल्या कुंडीला महिन्याकाठी पेंडीची १० ग्रॅम मात्रा पुरे होते. तिच्या दोन-तीन गोळ्या करून त्या खोडापासून दूर, कुंडीच्या कडेला ठेवाव्यात.

विरघळणारे खत दर लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम या प्रमाणात, दर १० ते १५ दिवसांनी द्यावे. अर्धा ग्रॅम तोलावयाचा कसा, ही अडचण खरी आहे. पण तिला सोपा उपाय आहे. ५० ग्रॅम खत एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी. त्यातील १० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण भरून, एक लिटर पाण्यात घातले की अर्ध्या ग्रॅमची मात्रा तयार होते. बाटलीवर खताचे नाव व 'विष' असे ठळक लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. खत देण्यापूर्वी माती साध्या पाण्याने ओली असावी. कोरड्या मातीत खताचे पाणी कधीही घालू नये. महिन्यातून एकदा भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल अशा रीतीने साधे पाणी द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. ज्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे त्यांनी पावसाचे पाणी साठवून या कामी वापरल्यास अधिक लाभ होईल.

झाडाकडून काय हवे, यावर मात्रा बदलते. खोड जाड करावयाचे आहे अशा तरुण एल्मला वरील पूर्ण मात्रा द्यावी. ज्याचा आकार पूर्ण झाला आहे त्याला निम्मी पुरे. अशा झाडाला नत्र अधिक झाल्यास पाने मोठी होतात, दोन पेऱ्यांतील अंतर लांबते आणि नाजूक डहाळ्यांची जी शोभा वर्षानुवर्षांच्या छाटणीने आली ती एका हंगामात बिघडते.

ऋतूचाही विचार हवा. फेब्रुवारीच्या सुमारास डोळे फुगू लागले म्हणजे खताला आरंभ करावा. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याकडे पारा ४० अंशांवर जातो तेव्हा वाढ मंदावते. त्या काळात मात्रा निम्मी करावी किंवा थांबवावी. पावसाळ्यात वाढ जोमाची असते. पण सततच्या पावसाने खत वाहून जाते, म्हणून त्या दिवसांत पेंड किंवा मंदगती खत बरे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा नियमित मात्रा द्यावी. डिसेंबर-जानेवारीत झाड विसावले असता खत बंद ठेवावे. आपल्या हवेत एल्मची सर्व पाने झडतीलच असे नाही, परंतु पाने आहेत म्हणून वाढ चालू आहे, असे समजू नये. नवे शेंडे येत आहेत काय, ते पाहावे.

खत केव्हा देऊ नये

कुंडी बदलून मुळे छाटल्यानंतर चार ते सहा आठवडे खत देऊ नये. छाटलेल्या मुळांना ते सोसत नाही. मुळे कुजलेल्या, कोमेजलेल्या किंवा नुकत्याच लांबच्या प्रवासातून आलेल्या झाडालाही खत देऊ नये. आजारी माणसाला आपण पेज देतो, मेजवानी देत नाही. आजारी झाडाला आधी निचरा, सावली व योग्य पाणी द्यावे. नवा अंकुर दिसल्यावर मग खताचा विचार करावा.

पान पिवळे दिसले की युरिया, ही सवयही सोडावयास हवी. नत्राची उणीव असेल तर जुनी, खालची पाने आधी सर्वांगाने फिकट पडतात. कोवळी, शेंड्याची पाने पिवळी व त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसल्यास ती लोहाची उणीव होय. चुनखडीयुक्त माती व जड पाणी असलेल्या आपल्या प्रदेशात ही उणीव वारंवार आढळते. तेथे युरियाने काहीही साधत नाही. चिलेटयुक्त लोहाची फवारणी वेष्टनावरील प्रमाणात करावी व पाणी बदलता येते काय ते पाहावे. आणि सगळीच पाने पिवळी होऊन गळत असतील व माती चिखलासारखी असेल, तर दोष खताचा नसून निचऱ्याचा आहे.

आपले कर्तव्य

"झाडामागे एवढा हिशेब कोण करणार?" असे एखादा रोपवाटिकाधारक म्हणेल. हिशेब एकदाच करावयाचा आहे. बाटली व झाकण ठरले की पुढे गडीमाणूसही अचूक मात्रा देऊ शकतो. याउलट चिमटीने व मुठीने खत देणारा प्रत्येक वेळी नवा धोका पत्करीत असतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची सूचना आहे की, कुंडीतील वा पिशवीतील झाडासाठी शेतातील हेक्टरी शिफारस कधीही सांगू नये. मातीचे वजन विचारावे व त्यावरून मात्रा सांगावी. खताचे नाव उच्चारण्यापूर्वी माती बोटाने उकरून पाहावी व झाडाचे शेंडे पाहावेत. बाजारात 'कुंडीचे खत' म्हणून रंगीत दाण्यांच्या सुट्या पुड्या मिळतात, ज्यांवर नत्र-स्फुरद-पालाश यांचे प्रमाण लिहिलेले नसते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार खताच्या वेष्टनावर त्यातील अन्नद्रव्यांचे प्रमाण छापणे आवश्यक आहे. ज्या पुडीवर आकडा नाही तिची मात्रा कोणालाच सांगता येणार नाही. अशी पुडी घेऊ नये व घेऊ देऊ नये.

रोपवाटिकाधारक बंधु-भगिनींनी विकलेल्या प्रत्येक एल्मबरोबर एक लहान चिठ्ठी द्यावी. कुंडी केव्हा बदलली, पुढचे खत केव्हा व किती द्यावयाचे, आणि कोणत्या महिन्यांत द्यावयाचे नाही, एवढे तीत असले तरी पुरे. शहरातील गिऱ्हाईक झाडावरील मायेपोटीच खत अधिक घालते. झाड मेले की दोष मात्र रोपवाटिकेवर येतो. ही चिठ्ठी आंब्याच्या कलमाबरोबर व डाळिंबाच्या रोपाबरोबरही द्यावी. कारण पिशवीत असेपर्यंत त्यांची स्थिती एल्महून वेगळी नसते. खड्ड्यात लावल्यानंतर त्यांना शेताचा हिशेब लागू होतो, तत्पूर्वी नाही.

पोत्यातील खत स्वस्त आहे म्हणून ते हाती सैल सुटते. कुंडीतील माती मात्र मूठभरच असते आणि त्या मातीतील मुळांना आपल्या हाताखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून हात आखडता ठेवावा, माप नेमके ठेवावे आणि झाड वाढू लागलेले दिसले की मगच द्यावे.